बटाट्यांखालचे मासे

२३ जून, मंगळवार

ही वही मी सामानाची यादी करायला आणली होती. पण या बेटावर लागून लागून लागणार काय? पीठ, कॉफी, अंडी, रॉकेल आणि जळवा. जळवा तौनोच्या गळाला लावायला. त्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी एका डब्यात राहतात आणि मी दार उघडलं की सगळ्या एकदम वळवळतात. एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसून मी दिवसाला शंभर माणसांशी बोलले. आता माझी चाहूल घेणाऱ्या एवढ्याच उरल्या, म्हणून ही वही.

तौनो, माझा नवरा, बोलत नाही. रागावलाय असं नाही. मार्चच्या शेवटी तौनो आणि ऑर्विल बर्फावरच्या गाड्यांनी तळं ओलांडत होते. ऑर्विल पुढे होता. चिंचोळीपाशी तळं अरुंद होतं आणि खालून पाण्याला ओढ असते, तिथे बर्फ फुटला आणि ऑर्विल गाडीसकट आत गेला. तौनोने पालथं पडून दोर टाकला, ऑर्विलने तो धरला, आणि मग तो तौनोच्या हातातून सुटला. पोलिसांना एवढं सांगून तौनोने तोंड मिटलं. ऑर्विल मे महिन्यात सापडला. चाळीस वर्षांची दोस्ती होती त्यांची, पण दफनाच्या दिवशीही तौनोने एक शब्द काढला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाला, "बेटावर जाऊन राहू या." दोन महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. मी वाद घातला नाही, सामान बांधलं. बंदूक मात्र शेजाऱ्यांकडे ठेवून आले. होडीत जागा नाही म्हणून सांगितलं. खरं कारण वहीतही लिहीत नाही.

२६ जून, शुक्रवार

बेटाला फेरी मारली. चारशे बारा पावलं. काल चारशे नऊ भरली होती, म्हणजे आज मी हळू चालले.

होडी एकच. तौनो सकाळी दहाला जातो, चारला येतो. मधल्या सहा तासांत मला कुठे जायचं झालं तर पंख फुटायला हवेत. होडी असती तरी काय, मला इंजिन चालवता येत नाही, पोहता येत नाही. लोक लांबून येऊन ग्रेस्टोन तळ्याच्या नितळ पाण्याचं कौतुक करतात. धक्क्यावर उभं राहिलं की वीस फूट खालचा दगडसुद्धा दिसतो. आपण कुठवर बुडू ते आधीच दिसावं, यात कौतुक कसलं ते मला समजत नाही.

वॉलआय मासा मात्र दिसत नाही. त्याला उजेड सोसत नाही. उन्हाळ्यात दिवसभर तो चाळीस-पन्नास फूट खाली जाऊन बसतो आणि ऊन उतरलं की खडकावर उथळ पाण्यात येतो. त्यामुळे सगळं जग त्याला संध्याकाळी धरतं. तौनो जातो भर दुपारी. रोज रिकाम्या हाताने येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी काही म्हणत नाही. निदान जातो तरी.

३ जुलै, शुक्रवार

आज तौनो बोलला.

होडी बांधून वर आला, टोपी काढली आणि दारातच म्हणाला, "एक मोठा लागला होता. सोडला. गेला बघ खाली, शेपूट हलवत." मी चुलीपाशी होते. हातातला डाव खाली पडला. मी टाळ्या वाजवल्या, मग रडले, मग परत टाळ्या वाजवल्या, अगदी वेडीसारखं केलं. मग पॅनकेक केले. त्याने चार खाल्ले. मार्चपासून मी त्याला चार घास खाताना पाहिलं नव्हतं.

झोपताना विचारलं, "उद्या जाशील ना?"

"जाईन की," म्हणाला.

६ जुलै, सोमवार

आज तीन सोडले म्हणाला. माझ्या पॅनकेकांवरून टोमणाही मारला. होडीला भोक पडलं तर बुजवायला उपयोगी पडतील म्हणे. टोमणा ऐकून इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

८ जुलै, बुधवार

सौनाघरामागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, खाडीवर बादली भरायला गेले तर पाण्यात मासा तरंगत होता, पोट वर करून. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. डोळे बाहेर आलेले आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी आलेलं. ओठात पिवळा मणी अडकला होता. तो मणी तौनोच्या गळावरचा, मीच ओवून दिलेला. जरा पलीकडे आणखी दोन होते.

मासेमारीतलं मला कमीच कळतं, पण खिडकीत बसून गावाच्या गप्पा ऐकल्यात. खोलातून मासा भराभर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडला की धडपडत खाली जातो, दिसेनासा होतो, आणि थोड्या वेळाने आपोआप वर येतो. हल्ली वारा पश्चिमेचा आहे. तिकडून जे तरंगतं ते आमच्याच खाडीत येऊन लागतं.

म्हणजे तौनो जे सोडतो ते मरतात. त्याला हे कळलं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि या वेळी मी त्याला परत वळवू शकणार नाही.

लांब दांड्याच्या जाळीने तिन्ही काढले. जाळले तर वास सुटेल. परत पाण्यात टाकले तर तरंगतील. हे बेट म्हणजे सगळा खडक, माती कुठे आहे तर सौनाघरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात, तीही मी पोती भरभरून किनाऱ्यावरून आणवलेली. तिथे पुरले. बेटावर मासे पुरायचे नसतात, अस्वल वासाने तळं पोहून येतं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मी काय करायला हवं होतं ते त्या पोराने येऊन सांगावं.

चारला तौनो आला. "पाच सोडले," म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या.

१४ जुलै, मंगळवार

दिवस असा जातो. तौनो दहाला निघतो. साडेदहाला मी जाळी घेऊन खाडीवर. कधी दोन, कधी चार. गरुडांनी आधी उरकले तर एखादाच. मग फावडं, मग हात धुणं, चुलीतली राख लावून परत हात धुणं. दुपारी वारा पडला की मी आलेच पुन्हा. नोकरी सोडून तीन वर्षं झाली आणि आता ही नवी लागली. हिला सुट्टीही नाही.

माती फूटभरच आहे. खोल पुरायला जागा नाही.

२३ जुलै, गुरुवार

गुरुवारी मार्लिस येते. ऑर्विलची बायको. धक्क्यावरचं दुकान दोघं मिळून चालवत, आता ती एकटीच चालवते. अंडी, कॉफी, टपाल आणि जळवा घेऊन स्वतःच्या होडीने येते. तौनो हटकून तिच्या आधी निघून जातो. ती येईपर्यंत मी वाफ्यावरची माती दहादा चापटून घेते आणि ती गेली की घर खायला उठतं.

आज कॉफी पिताना ती खिडकीतून सौनाघराकडेच बघत होती.

"तुमच्याकडे गरुड फार झालेत, सायमा."

"असू देत. तेवढीच सोबत."

"तौनो कुठे धरतो?"

"बदकखडकाच्या मागे, म्हणतो."

"दुपारी? आणि सोडतो?"

"सगळे सोडतो," मी जरा ठसक्यातच म्हणाले. "परवान्यावर सहा ठेवता येतात, पण एकही ठेवत नाही."

मार्लिसने कप खाली ठेवला. "अगं, खोलातून काढलेला मासा सोडून जगत नाही. ऑर्विल गिऱ्हाइकांवर ओरडायचा त्यावरून. खोलात धरायचे तर घरी न्या आणि खा, पुरेसे झाले की गळ गुंडाळा. शंभरदा ऐकलंय मी. तौनो शेजारीच उभा असायचा, मान डोलवत."

"विसरला असेल," मी म्हणाले. "डोक्याला केवढा धक्का बसलाय त्याच्या."

"असेल," मार्लिस म्हणाली. मग बराच वेळ अंडी टोपलीतून वाडग्यात मांडत बसली. जाताना धक्क्यावर विचारलं, "दोराबद्दल काही बोलतो का?"

"सुटला म्हणाला. तेवढंच."

"हातमोजे काढले होते त्याने," ती म्हणाली. "बोटं काळीनिळी झाली होती. दवाखान्यात बघितली मी." आणि इंजिनाची दोरी ओढली.

तिच्या मनात काय होतं कळलं नाही. तौनो विसरलाय हे मात्र बरंच आहे. त्याला ते न आठवो.

३० जुलै, गुरुवार

बटाट्याची पानं माझ्या कमरेला लागली. असे बटाटे या बेटावर कधी झाले नव्हते. तौनो संध्याकाळी वाफ्यापाशी उभा राहून बराच वेळ बघत होता. माझा जीव टांगणीला. "यांना यंदा खायला चांगलं मिळतंय," म्हणाला.

"सौनाची राख घालते ना," मी म्हणाले.

"हो, राखच असणार."

मार्लिसकडे त्याने चिठ्ठी पाठवली होती म्हणे, रबरी हातमोज्यांची. माझ्या मापाचे आलेत. भांडी घासून माझे हात खराब होतात, म्हणाला. इतका कधीपासून बघायला लागला माझे हात? फावड्याचा दांडा खिळखिळा झाला होता तोही कोणीतरी पाचर मारून घट्ट केलाय. तौनोच असणार. माणूस बरा होतोय याचीच ही लक्षणं.

४ ऑगस्ट, मंगळवार

उकाडा. वारा नाही. तळं काचेसारखं पडलंय.

आज खरं ते लिहिते. मला या बेटाचा वीट आलाय. चारशे बारा पावलांचा, जळवांचा, माशांच्या वासाचा, आणि देव मला क्षमा करो, तौनोचाही. तो बरा व्हावा म्हणून मी खोटं बोलते, आणि तो जितका बरा होतो तितकं मला जास्त खोटं बोलावं लागतं. डळमळतं कपाट पाठीने रेटून धरावं तशी मी उभी आहे, हलले की कोसळेल. गावात चर्चच्या भगिनी मंडळाची सहल झाली असेल. माझ्या खिडकीतल्या फुलझाडांना शेजारीण पाणी घालत असेल किंवा नसेल.

सकाळी तौनो म्हणाला, "इंजिन शिकवतो तुला. सोपंय."

"मला काय करायचंय," म्हणाले. खरं कारण असं की शिकले तर मी पळून जाईन. तो पहाटे झोपलेला असताना होडी सोडीन आणि वळूनही बघणार नाही. म्हणून नकोच ते.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आनंदाची बातमी. गेले चार दिवस खाडीत एकही मासा नाही.

आज त्याने सात सोडले, काल सहा, आणि एकही मेला नाही. काय बदललं कोण जाणे. वर आणताना सावकाश आणत असेल, त्याच्या हातालाच उमगलं असेल ते. जळवांचा डबाही भरलेलाच आहे, मार्लिसने दिला तसा. गांडुळं वापरत असेल. मी त्याला विचारलं नाही, नजर लागायची.

दुपारी शौचघरामागच्या उंच खडकावर चढले. तिथून तळं लांबवर दिसतं. आमची होडी बदकखडकापाशी नव्हती, चिंचोळीत होती, अगदी मध्ये. तौनो पाठमोरा बसला होता. हातात गळ दिसला नाही, पण इतक्या लांबून काय दिसणार. उन्हाळ्यात तिथे पाणी गार असतं, मासे तिकडे सरकले असतील. तासभर मी उभी होते. तो हलला नाही. मासेमारीला धीर लागतो.

११ ऑगस्ट, मंगळवार

अस्वल.

पहाटे पाचला भांडं पडल्यासारखा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर सौनाघरामागे एक काळी पाठ. वाफ्यात उभं राहून दोन्ही पंजांनी माती उपसत होतं. बटाट्याची झाडं बाजूला फेकलेली.

तौनो उठला. आम्ही तवे बडवले, डबे बडवले. अस्वलाने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा कामाला लागलं. एवढं पंगतीचं जेवण सोडून कोण जाईल? घर आणि धक्का यांच्यामध्येच तो वाफा. तौनो काठी घेऊन दोन पायऱ्या उतरला तर दात वाजवून अंगावर धावलं. मी त्याला सदऱ्याला धरून आत ओढलं आणि दाराला टेबल लावलं.

"बंदूक असती तर," तौनो म्हणाला.

मी टेबल आणखी दाराशी रेटलं.  त्याने माझ्याकडे बघितलं फक्त, आणि मला वाटलं बंदूक का आणली नाही ते त्याला माहीत आहे.

दिवसभर आत. खिडक्या लावलेल्या, तरी वास येतोच. मी पडदा ओढून घेतला होता, म्हणजे अस्वल काय उपसतंय ते त्याला दिसू नये. तो चार वेळा उठला, चार वेळा मी काही ना काही काम सांगून बसवला.

१२ ऑगस्ट, बुधवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

सकाळी मी चूल पेटवत होते. मागे वळले तर तौनोने पडदा सारला होता आणि ओठ हलवत खिडकीशी उभा होता. बाहेर वाफा उलटापालटा झाला होता. माशांची मुंडकी, काटे, काही अख्खे, खडकभर पसरलेले. अस्वल मध्यभागी बसून सावकाश खात होतं.

"अडतीस," तौनो म्हणाला. "दिसतायत ते."

 मी म्हणाले, "तौनो, मी तुला सांगणार होते."

"काय?"

"की ते मरतात."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी खुळ्यासारखं बोलले. "सायमा, मी चाळीस वर्षं या तळ्यात मासे धरतोय."

मी खाली बसले. तो शेजारी येऊन बसला. बाहेर हाडं कडकड मोडत होती.

"पहिला खरंच गेला असं वाटलं मला," तो म्हणाला. "वाटलं, हा एक जाऊ दे. घरी येऊन तुला सांगितलं आणि तू टाळ्या वाजवल्यास, रडलीस. मग मी रोज सांगायला लागलो. मला वाटलं तुला ते लागतंय."

"मला? मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होते."

"ते मला काय माहीत?"

"आणि खाडी?"

"दुर्बीण असते होडीत. दुसऱ्या आठवड्यात बघितलं तुला, जाळी घेऊन. एवढ्या उन्हात वाकून खणत होतीस." तो गुडघे चोळत होता. "नुसता आकडा सांगूनही चालेल हे ऑगस्ट लागल्यावर सुचलं, मग धरणंच बंद केलं. किती सोडले ते परत येताना ठरवायचो. सात जरा जास्त वाटत होते."

म्हणजे ते चार दिवस. माझी आनंदाची बातमी. मला हसू आलं, आणि हसता हसता राग आला, इतका की त्याला मारावंसं वाटलं. महिनाभर मी या बेटावर माशांचं स्मशान राखलं आणि हा माणूस माझ्या हाताला मापाचे मोजे मागवत होता.

"मग चिंचोळीत जाऊन काय करायचास दिवसभर?"

तो भिंतीकडे वळला. मला भीती वाटली की परत मिटलं तोंड. मग त्याने हात पुढे केले, दोन्ही, आणि त्यांच्याकडेच बघत बोलला.

"दोर सुटला नाही. छातीखालचा बर्फ करकरत होता. पाणी कोपरापर्यंत आलं होतं. ऑर्विल बघत होता माझ्याकडे. मला वाटलं, आता दोघंही. मग मी बोटं उघडली. सुटली नाहीत, सायमा. मी उघडली."

मला काय वाटलं ते लिहिणारच आहे, मग कोणी वाचो. मला वाटलं, बरं केलंस. ऑर्विलने माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवला होता, माझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिला होता. तरी मला तेच वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं.

"बरं केलंस. मला तू हवा होतास."

तो रडला. मार्चमध्ये रडला नव्हता. मी त्याचं डोकं धरून बसले आणि खिडकीतून अस्वलाकडे बघत राहिले. जेवून सुस्तावलं होतं, बटाट्याच्या पानांवरच झोपलं होतं.

"मार्लिसला सांगायला हवं," तौनो म्हणाला.

"उद्या गुरुवार आहे."

१३ ऑगस्ट, गुरुवार

मार्लिसने लांबूनच बघितलं. होडीतला भोंगा दाबून धरला आणि सरळ धक्क्यावर आली. अस्वल उठलं, आमच्याकडे नाराजीने बघितलं आणि पलीकडच्या बाजूने पाण्यात उतरून पोहत गेलं. आमच्या तव्यांना त्याने एवढा मान दिला नव्हता.

ती टोपली घेऊन वर आली आणि वाफ्याशी थबकली. खडकभर वॉलआय. तौनो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी दारातच थांबले. त्या घाणीत उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याच शब्दांत. बोटं उघडली, म्हणाला.

मार्लिसने ऐकून घेतलं. "पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी ऑर्विलने दोराला मारलेल्या गाठींना दोष देतेय, त्या हातात टिकल्या नाहीत म्हणून."

मग टोपली तशीच घेऊन धक्क्याकडे वळली. तौनो तिच्यामागे दोन पावलं गेला.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. तळं शांत असलं की असंच होतं.

१६ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस खडक घासतोय. मुंडकी, काटे पोत्यात भरून तौनोने लांब किनाऱ्यावर, माणसं जात नाहीत तिथे नेऊन टाकली. बटाटे गोट्यांएवढे, कोवळे. वेचून उकडले. कोणी खाल्ले नाहीत.

तौनो बोलतो. थोडं, पण खरं बोलतो. ऑर्विलचं नाव घेतो.

आज मीच म्हणाले, "इंजिन शिकव."

"पळून जाशील," म्हणाला. याला तेही माहीतच होतं.

"जाईन कदाचित. शिकव."

दोरी ओढताना खांदा निखळेल असं वाटलं. सातव्यांदा लागलं. खाली बघू नकोस, पुढे बघ, म्हणाला. मी खाली बघितलंच. दगड, मग मोठे दगड, मग हिरवं, मग काहीच नाही. होडी मात्र सरळ गेली.

२० ऑगस्ट, गुरुवार

मार्लिस आली नाही.

अंडी संपली. कॉफी उद्यापुरती. तौनो धक्क्यावर सकाळपासून बसून होता.

२२ ऑगस्ट, शनिवार

मी गेले. एकटी.

तौनो येतो म्हणाला, मी नको म्हणाले. चिंचोळीतून जावं लागतं. मध्यावर इंजिन बारीक केलं, का ते माहीत नाही. ऑर्विलला काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण सुचेना, म्हणून फक्त थोडी थांबले. मग पुढे.

मार्लिस दुकानात फळी पुसत होती. मला बघून तिने मागे धक्क्याकडे बघितलं, होडीत दुसरं कोणी आहे का ते.

"तू चालवत आलीस?"

"हो."

"पोहता येतं का तुला?"

"नाही."

तिने मान हलवली आणि न विचारता अंडी काढायला लागली. बारा. मग कॉफी, पीठ. मी पिशवी उघडी धरून उभी राहिले. एकतीस वर्षं खिडकीत बसल्यावर, माणसाला केव्हा बोलायचं असतं ते कळतं आणि केव्हा नसतं तेही.

सामान बांधून झाल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "त्याची बोटं मी बघितली होती. दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला दोन कापावी लागतील की काय. इतका वेळ कोणी धरत नाही, सायमा." फडकं पिळत होती, कोरडंच. "मी त्याला माफ केलं असं सांगू नकोस. अजून नाही केलं."

"नाही सांगणार."

मी होडीत बसले तेव्हा ती धावत आली. हातात जळवांचा डबा. माझ्या मांडीवर ठेवला.

"संध्याकाळी खडकावर जा म्हणावं त्याला. आठ फुटांत. तिथला मासा सोडला तर जगतो. एवढं तरी ठाऊक असेल."

वळून निघाले. पळून जायचं मनात आलं होतं का? आलं होतं. गावाचा रस्ता तिथूनच सुटतो. पण अंडी होती, फुटली असती.

२३ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी दोघंही गेलो. होडी मी चालवली, गळ त्याने टाकला. ऊन उतरलं तसे ते खडकावर आले, पाण्यात डोळे चमकायला लागले. चार लागले. तीन ठेवले. मार्लिस म्हणते तसे रात्री तळून खाल्ले, काट्यापर्यंत.

चौथा मोठा होता. तौनोने तो पाण्यातच धरला, बोटं त्याच्या पोटाखाली, आणि थांबला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मासा जरा हलला, मग त्याच्या हातातून आपला आपण गेला.

आज सकाळी जाळी घेऊन खाडीवर गेले. वारा पश्चिमेचाच होता. काही नव्हतं.

दुपारी परत गेले. तौनो आधीच येऊन उभा होता, गुडघाभर पाण्यात, खाली बघत. मी पण बूट काढून उतरले.

काही नव्हतं. नुसते दगड दिसत होते, पार खालपर्यंत.